निवळशंख

चेंगदूमधल्या त्या जेवणात नववा की दहावा पदार्थ आला आणि आमचे अण्णा पहिल्यांदा खुलले. उजेड आरपार दिसेल अशा पातळ चिनीमातीच्या वाटीत पाणी होतं आणि पाण्यात कोबीचा एक फिकट पिवळा गाभा. तेलाचा तवंग नाही, कोथिंबिरीचं पान नाही, मिरचीचा ठिपका नाही. दुभाषी मुलीने नाव सांगितलं : काइश्वे बाइत्साइ. म्हणजे उकळत्या पाण्यातला कोबी.

अण्णा सांगलीचे. आमच्या कंपनीत खरेदीचं खातं त्यांच्याकडे. पिढ्यान् पिढ्यांचे शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. मशीन बघायला आम्ही तिघे चीनला गेलो होतो आणि चार दिवस ते भात, काकडी आणि घरून आणलेल्या दशम्या-भडंगावर निभावत होते. "हे बरंय," ते म्हणाले. "कोबी आणि पाणी. ह्यात काय घालणार?" त्यांनी एक चमचा घेतला, मग दुसरा. मग वाटीत वाकून पाहिलं. "चव आहे हो ह्याला! नुसत्या पाण्याला एवढी चव?"

दुभाषी मुलगी तेवढ्यात कुणाचं तरी भाषण संपवून आमच्याकडे वळली आणि अण्णांच्या हातातला चमचा बघून तिचा चेहरा उतरला.

त्या वाटीत काय होतं ते सांगायला मी थोडा वेळ घेणार आहे. मुदपाकखान्यानेही घेतला होता.

चीनमधलं उंची जेवण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झुंबरं, लाल कंदील आणि सोनेरी ड्रॅगन येतात. ते असतातही. पण खरं महागडं जेवण सहसा बंद खोलीत होतं. दहा-बारा माणसांचं गोल टेबल, मधोमध फिरती काच, आणि दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची. कुणी कुठे बसायचं यावर पाच मिनिटं आग्रह आणि नकार चालतो. आपल्याकडच्या पंगतीत व्याह्यांना पाटावर बसवताना चालतो तसाच. मेनूकार्ड आमच्या हातात आलंच नाही. खोली ठरवतानाच यजमान माणशी दर सांगतो आणि त्यात काय काय बसवायचं ते हॉटेल बघतं. त्यामुळे त्या वाटीची किंमत मला आजतागायत कळलेली नाही. स्वस्त हॉटेलात भाव भिंतीवर रंगवलेले असतात, मध्यम हॉटेलात कार्डावर छापलेले, आणि अगदी वरच्या हॉटेलात पाहुण्याला ते दिसूच देत नाहीत. दडवण्याची ही रीत दारापासूनच सुरू होते, हे मला नंतर उमगलं.

आधी झाकणाच्या पेल्यातून चहा आला. मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा, आणि त्याचं नाव काय, तर हिरव्या डोहावर तरंगता बर्फ. झाकण उचललं तर खरोखरच हिरवट पाण्यावर पांढऱ्या पाकळ्या तरंगत होत्या. नाव आणि वस्तू यांचं इतकं सरळ नातं त्या संध्याकाळी पुन्हा दिसलं नाही. त्यानंतर आलेली नावं म्हणजे एकेक उखाणा होता. 'मुंग्या झाडावर चढल्या' म्हणजे शेवयांना चिकटलेला खिमा. 'नवराबायकोचे काप' हे नाव 1930च्या दशकात चेंगदूच्या रस्त्यावर ते काप विकणाऱ्या एका जोडप्यावरून पडलेलं. मापो टोफू म्हणजे देवीचे व्रण असलेल्या चेन बाईंचं टोफू. त्यांची खाणावळ याच शहरात 1862 मध्ये सुरू झाली. आणि मग आलं मत्स्यगंधी वांगं.

मत्स्यगंधी हा शब्द माझा. चिनी नाव 'युश्यांग', म्हणजे माशाच्या वासाचं. त्यात मासा नसतो. लोणच्याची मिरची, आलं, लसूण, साखर आणि व्हिनेगर हा जो मसाला तिथे माशाला लावायची रीत आहे तोच वांग्याला लावतात, म्हणून ते नाव. एरवी त्यात थोडा खिमा पडतो, पण यजमानांनी अण्णांसाठी तो मुद्दाम वगळायला सांगितला होता. चातुर्मास संपलेला होता, त्यामुळे लसणाचीही आडकाठी नव्हती. मुलीने प्रामाणिकपणे नावाचा अर्थ सांगितला आणि अण्णांनी फिरती काच एका बोटाने हळूच पुढे सरकवली. आपल्या पुराणातल्या मत्स्यगंधेलाही पराशर भेटेपर्यंत हाच अनुभव आला असणार.

तर मासा नसलेलं वांगं नावामुळे नाकारलं गेलं, आणि अर्ध्या तासाने उकळत्या पाण्यातला कोबी नावामुळेच पसंत पडला.

हॉटेलचे मुख्य आचारी शेवटी खोलीत आले. पन्नाशीचे, बुटके, हात पुसत. आग्रह केल्यावर त्यांनी कृती सांगितली. ती अशी.

एक म्हातारी कोंबडी; कोवळी चालत नाही, तिच्यात अर्क नसतो. एक बदक. डुकराची हाडं. मीठ लावून महिनोन् महिने मुरवलेली डुकराची तंगडी, म्हणजे हॅम. आणि शिंपल्यातलं वाळवलेलं मांस. हे सगळं आधी उकळून मळी काढून टाकायची, मग गार पाण्यात घालून मंद आचेवर ठेवायचं. उकळी फुटू द्यायची नाही. फुटली की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि रस्सा दुधाळ होतो. आपला कोल्हापूरचा पांढरा रस्सा दिसायला तसा, पण तो नारळाच्या दुधाने पांढरा. इथे एकेक बुडबुडा कडेने वर येत राहील इतकीच आच, आणि ती तासन् तास. गाळल्यावर हाती येतो तो उत्तम रस्सा. बहुतेक शहाणे स्वयंपाकी इथे थांबतील.

चेंगदू ज्या सिचुआन प्रांतात आहे, तिथला आचारी इथे सुरुवात करतो. डुकराचं बिनचरबीचं मांस बारीक वाटून थंड पाण्यात कालवायचं आणि तो लगदा गरम रश्शात सोडून हलवायचं. लगदा आधी तळाशी जातो, मग शिजत शिजत वर येतो आणि येताना रश्शातला सगळा गाळ अंगाला चिकटवून घेतो. वर तरंगणारी ती साय काढून टाकायची. मग कोंबडीच्या छातीचं मांस वाटून पुन्हा तेच. गरज पडली तर पुन्हा. या कृतीला तिकडे रस्सा झाडणं म्हणतात, झाडूने अंगण झाडावं तसं. मला आठवली ती तुरटी. पावसाळ्यात आमच्या गावी नदीचं गढूळ पाणी घागरीत भरलं की आजी तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात फिरवायची. त्याआधीच्या काळात निवळीची बी घागरीच्या आतल्या अंगाला घासत. थोड्या वेळाने वरचं पाणी निवळशंख. फरक एवढाच की इथे मांसच मांसाची तुरटी होतं. चव मागे ठेवायची आणि तिचा रंग, चरबी, गढूळपणा, म्हणजे चवीचा सगळा पुरावा, काढून टाकायचा.

मग कोबी. आपल्या गड्ड्याच्या कोबीचा हा लांबोडका चुलतभाऊ, थंडीत गोड होणारा. बाहेरची पानं एकामागून एक काढत जायची, शेवटी तीन-चार बोटं लांबीचा पिवळसर गाभा उरतो. तो क्षणभर आधणात, लगेच थंड पाण्यात. मग बारीक सुईने त्याला ठिकठिकाणी टोचायचं आणि वरून पळी पळीने गरम निवळ ओतत राहायचं, आत मुरून तो शिजेपर्यंत. आचारी हे सांगताना डाव्या तळव्यावर उजव्या हाताची बोटं टोचून दाखवत होते. तळव्यावरचे भाजल्याचे डाग जुने होते.

भरताने नाट्यशास्त्रात रस म्हणजे काय हे समजावताना दाखला दिला तो जेवणाचाच. निरनिराळी व्यंजनं आणि मसाले एकत्र आले की जशी रुची उत्पन्न होते, तसा भावांच्या मिश्रणातून रस. आपल्या भाषेत तर पदार्थ तो व्यंजन आणि अर्थ सुचवणं ती व्यंजना. दोघांचं मूळ एकच, उघड करणं. साहित्याच्या वर्गात हे ऐकलं तेव्हा मला ती नुसती शब्दांची गंमत वाटली होती. इथे वाटीसमोर बसल्यावर पटली. वाच्यार्थ : पाणी आणि कोबी. सुचवलेला अर्थ : कोंबडी, बदक, डुक्कर, समुद्र. वाच्यार्थ दिसतो पण त्याला चव नाही, आणि चव आहे ते दिसत नाही.

पहिल्या चमच्याला माझं मत वाईट झालं होतं, हे लपवत नाही. ताप आला की आई मुगाचं कढण द्यायची, त्याची आठवण झाली. कोमट, सौम्य, आजाऱ्याचं. दुसऱ्या चमच्याला मीठ लागलं, अगदी काठावरचं. तिसरा गिळून झाल्यावर, तोंड रिकामं असताना, टाळूच्या मागून काहीतरी वर आलं : मुरलेलं, किंचित धुरकट, जड. तोवर मी चमचा खाली ठेवला होता. अनेक चांगल्या कवितांचं असं होतं, पुस्तक मिटल्यावर ओळ उमटते. चौथ्याला कोबीची गोडी कळली आणि कोबीच का, तेही. एवढ्या खर्चाच्या निवळात समुद्री काकडी किंवा पक्ष्याचं घरटं सोडलं असतं तर श्रीमंतीवर श्रीमंती झाली असती. कोबी स्वस्त आहे, भोळा आहे, आणि त्याच्या अंगात स्वतःची गोडी सोडली तर सांगण्यासारखं काही नाही. म्हणून तो रश्शाला बोलू देतो. उत्तम तबलजी साथीला बसावा तसा.

जागेचाही भाग आहे. ही वाटी पहिली आली असती तर मी तिला पाणचट म्हणून मोकळा झालो असतो. ती आली लाल तेलाच्या, जीभ बधिर करणाऱ्या पाच-सहा पदार्थांनंतर. द्रुत तराणा संपावा आणि नुसते तानपुरे वाजत राहावेत, तसं झालं.

त्या लाल तेलाबद्दलही बोललं पाहिजे, कारण आपण मराठी माणसं सिचुआन म्हणताच तेच पाहतो. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 1973 मध्ये गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि तिथून सिचुआनी तिखट आपल्याकडच्या श्रीमंतांना कळलं; तोवर मुंबईतलं चिनी खाणं मुख्यतः कँटनच्या वळणाचं, मवाळ. पुढे प्रांताच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगचा उच्चार 'शेजवान' झाला, शेजवानची चटणी झाली, चटणी बाटलीत गेली आणि बाटली गाडीवर. शेजवान डोसा खाणाऱ्या पुण्याच्या पोराला ते एका प्रांताचं नाव आहे हे सांगितलं तर तो आपल्याकडेच संशयाने बघतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही. गाडीवरचं ट्रिपल शेजवान मलाही अधूनमधून लागतं. पण सिचुआनी लोक स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल सांगतात ते वेगळं : प्रत्येक पदार्थाचा बाज निराळा, शंभर पदार्थांच्या शंभर चवी. तिखट ही त्यातली एक. शिवाय मिरची तिथेही उपरीच. चीनमधली तिची पहिली नोंद 1591ची, आणि सिचुआनच्या स्वयंपाकात ती रुजायला त्यानंतरही फार काळ गेला. दर्यापार अमेरिकेतून निघून ती जशी गोव्याला उतरली, तशीच तिकडेही पोचली. त्याआधीचा सिचुआनी स्वयंपाक लाल नव्हता आणि आपला तांबडा रस्साही तेव्हा तांबडा नसणार. तिथला जुना, घरचा मसाला म्हणजे ह्वाज्याव, जिभेला मुंग्या आणणारं फळ. मालवणी वाचकाला हे समजावण्याची गरज नाही : ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड, एकाच कुळीचं. बांगड्याच्या आमटीतली तिरफळं चुकून दाताखाली आल्यावर जे होतं, ते तिथे हौसेने करून घेतात.

सिचुआनचं जेवण म्हणजे नुसतं तिखटजाळ, गावंढळ, असा टोमणा चीनमध्येही मारतात. त्या टोमण्याला उत्तर म्हणून हा कोबी जन्मला, अशी कथा सांगतात. ह्वांग चिंगलिन नावाचे गृहस्थ चिंग दरबाराच्या मुदपाकखान्यात होते म्हणे. पुढे चेंगदूला परतून त्यांनी 'कूकू-यान' नावाचं भोजनगृह काढलं. हा पदार्थ त्यांच्या नावावर जातो. नंतर ल्वो क्वोरोंग या आचाऱ्याने तो बीजिंग हॉटेलात नेला आणि तिथून तो सरकारी मेजवान्यांत गेला. कथेत दरबारी फोडणी किती आणि खरं किती, हा इतिहासकारांचा प्रश्न. मला उत्तर देण्याची तऱ्हा आवडते. तिखट म्हणून हिणवलेल्याने आणखी तिखट न करता, किंवा तिखट सोडलं असं न सांगता, समोर एक वाटी पाणी ठेवलं.

आता माझ्याच आनंदाबद्दलची एक शंका. युआन मेई नावाचा कवी 1792 मध्ये स्वयंपाकावर पुस्तक लिहून गेला. फार तिखट जिभेचा माणूस. कानांनी जेवणाऱ्यांवर त्याचा राग : पदार्थाचं नाव आणि भाव ऐकून तृप्त होणारे लोक. एका यजमानाने त्याला पक्ष्याच्या घरट्याचं भलंमोठं भांडं वाढलं, बेचव, नुसतं उकडलेलं. इतर पाहुणे वाहवा करत होते. श्रीमंतीच दाखवायची तर वाटीत शंभर मोती ठेवा की, असा त्याचा शेरा होता. नीट केलेलं टोफू घरट्याहून सरस, असंही तो म्हणतो.

त्याच्या कसोटीला हा कोबी उतरतो का? वरवर पाहता अगदी उलटा पदार्थ, भाव लपवणारा. पण ज्याला कथा माहीत आहे तो इथेही कानांनीच जेवतो की. मला टाळूच्या मागून जे वर आल्यासारखं वाटलं ते हॅम होतं, की हे मोठ्या मानाचं जेवण आहे ही जाणीव होती? आचारी नंतर आले हे खरं, पण यजमानांनी वाटी येताना सगळ्यांना गप्प केलं होतं, आणि त्यातून काय समजायचं ते मी समजलो होतो. माझी साक्ष डागी आहे.

अण्णांची नाही. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ते त्या टेबलावरचे एकमेव निर्मळ रसिक होते. पाणी समजून पाणी प्यायले आणि दुसऱ्या चमच्याला थांबून म्हणाले, चव आहे. या पदार्थाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नसेल. ते मिळालं त्याची किंमत मात्र अण्णांनी भरली.

मुलीने सांगितलं तेव्हा टेबलावर कुणाला काही समजेना. अण्णांनी चमचा बशीत आडवा ठेवला, उठले, चूळ भरून आले. यजमान उभे राहून हात जोडल्यासारखे वाकत होते, वाढणारी मुलगी रडवेली. पंधरा मिनिटांत वेगळ्या कढईत परतलेले वाटाण्याचे कोवळे शेंडे आणि पांढरा भात आला. अण्णा जेवले. म्हणाले, "त्यांना सांग, त्यांचं चुकलं नाही. नाव ऐकून बसलो ते आपण." मुलीने याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, यजमान आणखीच खाली वाकले.

परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. नोव्हेंबरचं धुकं, फ्लायओव्हरवरचे निळे दिवे. "अजाणता झालं, ठीक आहे," अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण लबाडी केवढी सुरेख, नाही?"

मला ती लबाडी वाटत नाही, पण तेव्हा मी वाद घातला नाही. सुरेख हा शब्द त्यांनी वापरला होता, तेवढं पुरे होतं. खोलीवर गेल्यावर त्यांनी आंघोळ केली आणि भडंगाची शेवटची पुडी उघडली. मलाही मूठभर दिलं.

पुण्याला आल्यावर आईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. म्हातारी कोंबडी, बदक, दोनदा झाडलेला रस्सा, सुईने टोचलेला कोबी. आईने आयुष्यात मटणाचा रस्सा शेकडो वेळा केलाय, हाडं चोखून संपल्याशिवाय ताट उचलू दिलेलं नाही. मेथी निवडता निवडता तिने ऐकून घेतलं. मी व्यंजनेपर्यंत पोचलो तेव्हा तिने मान वर केली.

"आणि ती कोंबडी?" ती म्हणाली. "रस काढून घेतल्यावर ती कुणी खाल्ली?"

आचारी समोर उभे होते, दुभाषी शेजारी होती. मी हे विचारलंच नव्हतं.